दुपारी दोन वाजता या!

परवा मेसमध्ये जेवताना नेहमीप्रमाणे वाद पेटला. यावेळचा विषय क्रिकेट नव्हता, सबमिशन नव्हतं, मेसची भाजीही नव्हती! आमच्या एका मित्राच्या घरच्यांनी अंगणात बाग करायला डिझायनर लावला, आणि त्याची फी ऐकून सगळ्या टेबलाचा घास अडकला.

"बागेले डिझायनर कायले लागते बे?" एक जण म्हणाला. "खड्डा कर, रोप लाव, पानी टाक, झालं! माह्या आज्यानं वावरात अख्खी संत्र्याची बाग उभी केली, त्यानं कोनता डिझायनर लावला होता?"

दुसऱ्याचं मत एकदम उलट. "अरे, डॉक्टरकडे गेल्यावर आपण गोळी ठरवतो का? पैसे द्या, त्याच्यावर सोडा, आपण मधात पडायचं नाही."

मी गप्प वरण-भात कालवत होतो. कारण या दोन्ही चुका आमच्या घरी करून झाल्या आहेत, आणि दुसरी चूक तर मी स्वतः, हट्टानं केली आहे. त्या चुकीची किंमत बाबांच्या ग्रॅच्युइटीतून गेली. त्याहून मोठी किंमत आजीच्या सावलीनं दिली. ती कशी, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमचं घर अकोल्याचं, अकोट रस्त्याच्या बाजूला. बाबा निवृत्त झाले तेव्हा पुढच्या अंगणात छान बाग करायची असं ठरलं. मी तेव्हा पहिल्या वर्षाला होतो. पहिल्या वर्षाच्या पोराला जगातलं सगळं कळतं, हे आपण सर्व जाणतोच! मी मोबाईलवर फोटो पाहून पाहून एका मोठ्या शहरातला डिझायनर शोधून काढला. सर एकदाच आले, जानेवारी २०२३ मध्ये, सकाळी साडेनऊला. हवा गार, ऊन कोवळं. त्यांनी टेपने मापं घेतली, भराभर फोटो काढले, चहा घेतला आणि गेले. आठ दिवसांनी थ्रीडी चित्रं आली. काय चित्रं होती हो! हिरवीगार लॉन, कडेला उंच पाम, मधून पांढऱ्या गोट्यांची वाट, भिंतीलगत हेलिकोनिया आणि फायकसची गोल कापलेली झाडं. आई-बाबा बघतच राहिले. मी तर ते चित्र हॉस्टेलच्या रूममध्ये सगळ्यांना फिरवून दाखवलं.

चित्रात एकच गोष्ट नव्हती. आमचा कडुनिंब.

आजोबांनी लावलेला तो निंब पश्चिमेच्या कोपऱ्यात होता. सर म्हणाले, त्यानं 'व्ह्यू' अडतो आणि लॉनवर पाला पडतो. आई कचरली. बाबा म्हणाले, "पाहू." आजीला कोणी विचारलंच नाही. मी फोनवर अर्धा तास आईची समजूत घातली. "अगं, ते त्या विषयातले तज्ज्ञ आहेत. आपण कोण सांगणारे?" हे माझे शब्द. फेब्रुवारीत निंब पडला. शहरी भागात झाड तोडण्यासाठी १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे मला नंतर कळलं. झाड आपल्या अंगणात असलं तरी लागते. आम्ही ती घेतली नव्हती. ही गोष्ट लपवून लेख लिहिण्यात अर्थ नाही, म्हणून लिहिली.

मार्चपर्यंत बाग हुबेहूब चित्रासारखी दिसत होती. एप्रिलमध्ये पामच्या पानांची टोकं जळाली. मे लागला, पारा ४५ च्या वर चढला आणि लॉनचा रंग मेसमधल्या पोळीसारखा झाला. सरांना फोन केला. ते म्हणाले, "पाणी वाढवा." आम्ही बोअरचं पाणी वाढवलं. झाडं आणखी लवकर गेली! जूनमध्ये पाऊस आला तेव्हा त्या बागेत जिवंत होतं ते फक्त आईनं डिझायनरला न विचारता मागच्या दारी खोचलेलं सदाफुलीचं रोप.

माळीकाका काय म्हणाले ते अजून कानात आहे. "मी तवाच म्हनलो होतो, ह्या जमिनीत अन् ह्या पान्यावर हे झाड जगत नाई. पन माह्यं कोन आइकते?"

आणि आजी मला म्हणाली, "काहून रे बाबू, सावली तोडून गवत लावलं काय?"

मित्रांनो, चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये माझ्या डिझाईनवर इतका नेमका शेरा कुठल्याच व्हायव्हात मिळाला नाही.

आता सगळा दोष त्या सरांवर ढकलून मोकळं होता येईल. पण ते प्रामाणिक होणार नाही. इंजिनिअरिंगला आहोत तर जरा हिशोबच मांडू.

आधी पाणी. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आमची लॉन ६०० चौरस फूट, म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर. वऱ्हाडातल्या मे महिन्यात हिरवळीला रोज निदान ७ मिलिमीटर पाणी धरा. झाले रोजचे ३९२, म्हणजे जवळपास ४०० लिटर. पाणीपुरवठ्याचं डिझाईन करताना आपण माणशी रोज १३५ लिटर धरतो. म्हणजे ती लॉन आमच्या घरात राहायला आलेली आणखी तीन माणसं होती! घरात आई, बाबा, आजी तीन आणि हे नवीन तीन पाहुणे. आमच्याकडे नळ कधी तीन तर कधी पाच दिवसांनी येतो. पाच दिवसांचे पाहुण्यांचेच २,००० लिटर झाले. आमची जमिनीतली टाकी ३,००० लिटरची. उरलेल्या हजार लिटरमध्ये तीन माणसांनी पाच दिवस काढायचे. हा हिशोब मांडायला फार तर दोन मिनिटं लागतात. तो सरांनी मांडला नाही, हे खरं. पण मी तरी कुठे मांडला?

मग बोअर. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, हे इकडच्या पोरांना सांगायला नको. शेकडो गावांची पिढ्यान्‌पिढ्यांची डोकेदुखी आहे ती. जमिनीखालचं पाणी खारट, त्यात सोडियम जास्त. असं पाणी काळ्या मातीला देत राहिलं की चिकणमातीचे कण सुटे होतात, मातीची छिद्रं बुजतात, पाणी खाली जिरत नाही आणि वर क्षार साचतात. पानांची टोकं जळतात ती त्यामुळेच. म्हणजे "पाणी वाढवा" हा सल्ला आमच्याकडे "मीठ वाढवा" असा लागू पडला! खारपाणपट्ट्यातल्या कुठल्याही शेतकऱ्यानं हे ऐकलं असतं तर कपाळावर हात मारून घेतला असता.

तिसरी माती. सिव्हिलवाल्यांना ब्लॅक कॉटन सॉइल म्हटलं की लगेच अंडर-रीम्ड पाइल आठवतो, कारण परीक्षेत हमखास येतो. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात आकसणारी आणि हात जाईल एवढ्या भेगा पाडणारी ही माती. तिच्यात नुसता खड्डा करून रोप लावलं की पावसाळ्यात तो खड्डा बादलीसारखा भरून राहतो आणि मुळं सडतात. उन्हाळ्यात त्याच मातीच्या भेगा मुळं तोडतात. त्यात आम्ही निंब काढला. मोठं झाड अशा मातीतलं पाणी सतत शोषत असतं. झाड गेलं की ती माती हळूहळू ओल धरते आणि फुगते. त्या पावसाळ्यानंतर पश्चिमेच्या कंपाउंड भिंतीला तिरपी भेग गेली. भेगेचं कारण शंभर टक्के हेच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण फाउंडेशनचे सर वर्गात हा मुद्दा शिकवत होते तेव्हा मला वहीत मान खाली घालून बसावं लागलं!

म्हणजे पाणी, क्षार आणि माती या तिन्ही गोष्टी चित्र काढण्याआधीच माहीत होत्या. बाबांना नळाचं वेळापत्रक पाठ होतं. आईला बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही हे माहीत होतं. माळीकाकांना मातीची नस ठाऊक होती. आजीला सावली कुठे, किती वाजता पडते हे घड्याळापेक्षा चांगलं कळत होतं. सरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. आम्ही त्यांना फक्त फोटो दाखवले. ते फोटो कुठल्या गावचे, तिथे पाऊस किती, याचा आम्हाला पत्ता नव्हता. त्यांनी आम्हाला आमचेच फोटो परत दिले, जरा रंगवून!

इथे मेसमधल्या पहिल्या मित्राचा मुद्दा घेऊ. त्याच्या आजोबांनी डिझायनर लावला नव्हता, कारण ते स्वतःच डिझायनर होते. मोर्शी-वरुडकडचा संत्र्याचा शेतकरी जमिनीचा उतार बघतो, विहिरीचं पाणी बघतो, बहार धरायला झाड कधी ताणावर सोडायचं ते ठरवतो. हे सगळं डिझाईनच आहे, फक्त कागदावर नाही. पण तुम्ही-आम्ही ते ज्ञान घेतलेलं नाही. आपण फ्लॅटमध्ये, कॉलनीत वाढलो. "खड्डा कर, रोप लाव" एवढंच आपल्याला उरलं. म्हणून जाणकार माणूस हवा, असं माझं आजही स्पष्ट मत आहे. एकदा हात पोळले म्हणून मी 'डिझायनर नकोच' या पक्षात गेलेलो नाही.

आणि हा धंदाही काही कालचा नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये लॅन्सलॉट ब्राऊन नावाचा उद्यानरचनाकार होऊन गेला. जागा पाहिली की तो मालकाला सांगायचा, या जागेत अमुक अमुक 'केपेबिलिटी' आहे. त्यावरून लोक त्याला केपेबिलिटी ब्राऊनच म्हणू लागले. चित्राच्या आधी जागेची कुवत पाहायची, एवढा धडा त्या टोपणनावातच आहे. त्यांच्याकडचीच गर्ट्रूड जेकिल ही सुमारे चारशे बागांची रचनाकार. उतारवयात दृष्टी अधू झाल्यावर तिनं कित्येक बागा प्रत्यक्ष न बघता आखल्या. पण त्यासाठी ती मालकांकडून नकाशे, जमिनीची उंची-सखलता आणि मातीची माहिती मागवून घ्यायची. डोळे साथ देत नसताना तिला जे विचारायचं सुचलं, ते आमच्या अंगणात उभं राहूनही कोणाला सुचलं नाही.

आपल्या देशातलं उदाहरण हवं तर राष्ट्रपती भवनाची बाग घ्या, जिला २०२३ पासून अमृत उद्यान म्हणतात. आराखडा एडविन ल्युटेन्सचा, सगळ्यांना त्याचंच नाव माहीत. पण आराखडा १९१७ चा आणि लागवड झाली १९२८-२९ मध्ये, ती केली विल्यम मस्टो या उद्यानतज्ज्ञानं. रेघा ओढणारा एक आणि दिल्लीच्या उन्हात रोप जगवणारा दुसरा. ल्युटेन्ससारख्याला मस्टो लागला, मग आमच्या सरांना माळीकाकांना विचारायला काय हरकत होती?

आपल्या इथलंच बघायचं तर अमरावतीच्या वडाळीला वनविभागाचं बांबू उद्यान आहे. रविवारी वेळ मिळाला तर जाऊन या, आणि नुसते फोटो काढून परत येऊ नका. जमिनीला उतार कसा आहे, पाणी कुठे मुरतं, सावलीखाली काय लावलंय हे बघा. अकोल्यात तर डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठच आहे, १९६९ पासून. शोभेच्या झाडांचं आणि उद्यानरचनेचं शिक्षण तिथे दिलं जातं, माती-पाणी तपासायची सोय आहे. गंमत म्हणजे मी डिझायनर शोधायला पार दुसऱ्या टोकाच्या शहरात गेलो आणि घरापासून काही किलोमीटरवरच्या विद्यापीठाचं फाटक मला दिसलं नाही! काखेत कळसा म्हणतात तो हाच.

असो. गोष्ट इथे संपली असती तर हा लेख नुसताच रडगाणं झाला असता. पण वर्षभरानं बाबांनीच पुन्हा विषय काढला. "एक डाव हरलो म्हनून खेळ सोडाचा काय?" यावेळी अकोल्यातल्याच एका ताई सापडल्या. कृषी विद्यापीठातून शिकलेल्या, छोट्या बागांचं काम करणाऱ्या. मी फोन करून म्हटलं, "मॅडम, सकाळी या, ऊन नसतं." त्या म्हणाल्या, "सकाळी नको. मी मे महिन्यात येते, दुपारी दोन वाजता."

आणि खरंच आल्या, मे २०२४ मध्ये, भर दुपारी दोनला, डोक्याला दुपट्टा बांधून! बाबा म्हणाले, बाई वेडी दिसते. त्या अंगणात छत्री धरून पंधरा मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या. कुठली भिंत तापते, कुठे वारा येतो, सावली कुठपर्यंत सरकते हे बघत. मग ओसरीवर बसून माठातलं पाणी प्यायल्या आणि प्रश्न विचारायला लागल्या. तेही बाबांना किंवा मला नाही, आधी आजीला. "आजी, संध्याकाळी तुम्ही कुठे बसता?"

आजी म्हणाली, "बसत होती निंबाखाली. आता कुठीच नाई."

ताईंनी ते वहीत लिहून घेतलं. मी पाहिलं, वहीच्या पहिल्या ओळीत तेच होतं.

मग बाकीचे प्रश्न. नळ किती दिवसांनी? टाकी किती लिटरची? पाणी रोज कोण घालणार, आणि तो माणूस गावाला गेला तर? धुण्याचं पाणी कुठे जातं? पूजेला कुठली फुलं लागतात? पाच वर्षांनी घर वाढवणार आहात का? बजेट किती, आणि त्यातलं पुढच्या तीन वर्षांच्या देखभालीला किती ठेवणार? त्यांनी टीडीएस मीटर बोअरच्या पाण्यात बुडवला, आकडा १,९०० दाखवत होता. फूटभर खोल खड्डा करून त्यात पाणी ओतलं आणि ते जिरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहिलं. मातीचा आणि पाण्याचा नमुना तपासायला दिला. माळीकाकांना पहिल्याच दिवशी बोलावून घेतलं आणि खुर्ची दिली. चित्र? ते तीन आठवड्यांनी आलं. पेन्सिलनं काढलेलं, एका कागदावर. मला आधी जरा कमीच वाटलं, खरं सांगतो!

त्या कागदावर लॉन नव्हती. पाण्याच्या गरजेप्रमाणे अंगणाचे तीन भाग होते. अमेरिकेत डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा संस्थेनं १९८१ मध्ये अशा कमी पाण्याच्या बागेला 'झेरिस्केप' असं नाव दिलं. आपल्याकडे ते नाव नव्हतं, पण पद्धत होती. तहानलेली झाडं मोरीजवळ, चिवट झाडं कुंपणाला! ताईंनी तेच केलं. कुंपणाच्या कडेला बोगनवेल, कण्हेर आणि सीताफळ. मधल्या पट्ट्यात मोगरा, जास्वंद, पारिजातक, कढीपत्ता, म्हणजे आईची पूजा आणि फोडणी दोन्हींची सोय. आणि मोरीचं पाणी जिथे येतं तिथे कर्दळ आणि अळू, कारण त्यांना ते पाणी चालतं आणि त्यांच्या मुळांमधून ते गाळूनही निघतं. खड्ड्यांत मुरूम, शेणखत आणि तपासणीच्या अहवालाप्रमाणे जिप्सम. जिप्सममधलं कॅल्शियम मातीतल्या सोडियमची जागा घेतं, हे बारावीचं रसायनशास्त्र प्रत्यक्ष अंगणात पाहायला मिळालं. रोपांच्या बुडाशी पऱ्हाट्या-तुराट्यांचा बारीक केलेला भुसा, ऊन थेट मातीवर पडू नये म्हणून. नाजूक रोपांशेजारी जमिनीत पुरलेली कच्ची मडकी, त्यांतून पाणी थेंबाथेंबानं झिरपतं.

छताचं पाणी वेगळं. आमचं छत १,००० चौरस फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर. अकोल्याचा पाऊस साधारण ७५० मिलिमीटर धरला आणि पाचवा भाग वाया गेला असं मानलं तरी वर्षाला ५५ हजार लिटर गोडं पाणी छतावरून नालीत जात होतं. आता ते आधी गाळून टाकीत आणि टाकी भरली की बोअरजवळच्या शोषखड्ड्यात जातं.

आणि पश्चिमेला आजीसाठी मांडव. त्यावर मधुमालती, कारण ती लवकर चढते. मांडवाशेजारी शेवगा, तो वर्षा-दोन वर्षांत सावली धरतो. भिंतीपासून पुरेसं अंतर सोडून एक नवीन निंब. ताई म्हणाल्या, "शेवगा तुमच्या आजीसाठी, निंब तुमच्या नातवांसाठी."

पहिल्या बागेला फी, झाडं, लॉन, गोटे मिळून १ लाख १० हजार रुपये गेले होते. दुसरी बाग ४२ हजारांत झाली, त्यात ताईंची फी आणि वर्षभरातल्या चार भेटी धरून. सगळं गुडी-गुडी झालं असंही नाही. पारिजातक एकदा वाळला, पुन्हा लावावा लागला. मधुमालती अति वाढली म्हणून बाबांची कुरकुर चालू असते. आणि निंब अजून माझ्या खांद्याला लागतो. आजोबांच्या निंबाएवढा व्हायला त्याला जेवढी वर्षं लागतील तेवढी आजीकडे नाहीत, हे आजीलाही माहीत आहे आणि मलाही. ती रोज त्याला तांब्याभर पाणी घालते. मी सुट्टीत घरी गेलो की तो तांब्या मी घेतो. त्याहून जास्त मला काही भरून देता येत नाही.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या देशात 'आर्किटेक्ट' ही पदवी लावायला १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. पण 'गार्डन डिझायनर' अशी पाटी कोणीही लावू शकतो. म्हणून माणूस निवडायचं काम आपलं आहे. माझं मत विचाराल तर निवडताना त्याची चित्रं बघू नका, त्याचे प्रश्न मोजा. जो तुमच्या पाण्याचं विचारत नाही, पाणी घालणाऱ्या माणसाचं विचारत नाही, त्याला चहा पाजून निरोप द्या. त्यानं केलेली दोन वर्षांपूर्वीची बाग बघायला मागा. कालची बाग कोणाचीही सुंदर दिसते, दोन उन्हाळे काढलेली खरी! पैसे टप्प्याटप्प्यानं द्या आणि शेवटचा टप्पा पहिल्या मे महिन्यानंतरचा ठेवा. आणि आपली बाजूही तयार ठेवा. महिनाभर पाण्याची नोंद करा, सावलीच्या वेळा टिपा, माती तपासून घ्या, घरातल्या प्रत्येकाला विचारा. "तुम्हीच बघा काय ते" असं डिझायनरला म्हणणं म्हणजे विश्वास ठेवणं असं मला वाटायचं. आता कळतं की तो आळस होता, वर नम्रतेचा रंग दिलेला.

हे मी बागेपुरतं लिहीत नाहीये. दोन-चार वर्षांत आपण सगळे कोणाच्या तरी दारात 'सर' आणि 'मॅडम' म्हणून उभे राहणार आहोत. कोणी घर आखेल, कोणी रस्ता, कोणी सॉफ्टवेअर. समोर एखादा बाप आपली ग्रॅच्युइटी घेऊन बसलेला असेल आणि त्याचं पोरगं म्हणत असेल, "हे तज्ज्ञ आहेत, आपण कोण सांगणारे?" तेव्हा आपण आतल्या खोलीतल्या आजीला विचारणार आहोत का? की आपल्या ड्रॉइंगमध्ये जे बसत नाही ते तोडायला सांगणार आहोत?

सराव करायचा असेल तर फार लांब जायला नको. आपल्या मुख्य इमारतीसमोरची लॉन रोज बघतोच, जिच्यावर पाय ठेवला की शिट्टी वाजते. तिचं क्षेत्रफळ काढा, ७ मिलिमीटरनं गुणा आणि आलेल्या लिटरांना १३५ नं भागा. किती 'माणसं' आपल्या कॅम्पसवर रूम न घेता राहतात ते कळेल! मग हॉस्टेलच्या वॉटर कूलरमागच्या आरओ यंत्रातून रोज किती पाणी नालीत जातं ते बादली लावून मोजा, त्याचा टीडीएस बघा, कुठल्या झाडाला ते चालेल ते माळीकाकांना विचारा. वर्कशॉपमागे मेसचं पाणी साचतं तिथे कर्दळ लावता येईल का बघा. स्टाफपैकी कोणी पुढाकार घेतला तर मिनी प्रोजेक्टही होईल, मार्कही मिळतील!

फक्त पाहणी सकाळी करू नका. सकाळी सगळंच छान दिसतं. जायचंच तर मे महिन्यात जा, आणि दुपारी दोन वाजता!